पद ‘बायर’, पण सही कोणाची?

प्रश्न : माझं वय ३१. वागळे इस्टेटमधल्या इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या साठ माणसांच्या कंपनीत सहा वर्षं आहे, सध्या ‘असिस्टंट मॅनेजर – परचेस’. महाप्यातल्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आली आहे. पगार वीस टक्के जास्त, पण पद नुसतं ‘बायर’. वडील म्हणतात, पुढे जायचं सोडून मागे कशाला जातोस? घरात लग्नाचं बघताहेत, बायोडेटात काय लिहायचं हाही प्रश्न आहे. पदाच्या नावाला किती महत्त्व द्यावं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : फार थोडं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत तेहतीस वर्षं खरेदी खात्यात काढली, त्यातून बनलेलं हे मत आहे.

१९९६ साली मी रबाळ्याला ‘परचेस असिस्टंट’ होते. एका लहान कंपनीने ‘परचेस मॅनेजर’ म्हणून बोलावलं आणि मी आनंदाने गेले. पहिल्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डांचा डबा टेबलावर आला. आईने त्यातलं एक कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं.

दर मात्र मालकांच्या केबिनमध्ये ठरायचे. सप्लायर सरळ आत जायचा, चहा व्हायचा आणि माझ्याकडे कागदाचा कपटा यायचा : नाव, नग, दर. मी पीओ (मालाची लेखी ऑर्डर) टाइप करायची. एकदा मालक गावाला गेलेले असताना पॅनेलमध्ये केबल शिरते तिथे बसवायचे केबल ग्लँड संपले. सगळा माल बाराशे रुपयांचा. सप्लायरचा माणूस पिशवी घेऊन स्टोअरच्या खिडकीशी उभा होता, मी पीओवर सही करून दिली. स्टोअरकीपरने कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, साहेबांची सही असल्याशिवाय मला जीआरएन करता येत नाही.” जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि त्याला तशाच सूचना होत्या. पिशवी परत गेली, पॅनेल दोन दिवस उघडं पडून राहिलं. त्या खिडकीशी मला जे वाटलं ते अजून विसरले नाही. अकरा महिन्यांत ती नोकरी सोडली.

पुढची नोकरी तुर्भ्याला, ‘बायर’ म्हणून. माझ्याकडे तांब्याचे बसबार, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, यांची खरेदी आली. तांब्याचा भाव सप्लायरच्या हातात नसतो, तो लंडन मेटल एक्स्चेंजच्या दरावर हलतो. आपण बोलायचं ते वरच्या घडणावळीवर, हे मी तिथे शिकले. तीन कोटेशनं शेजारी मांडली की सर्वांत कमी दिसणाऱ्या दरात वाहतूक वेगळी निघायची, दुसऱ्यात निम्मे पैसे आगाऊ मागितलेले असायचे. तो तुलनेचा तक्ता मी बनवायचे आणि कोणाला ऑर्डर द्यायची ही शिफारसही माझीच असायची. खरेदीतलं मला जे काही येतं ते बहुतेक त्या टेबलावर आलं.

म्हणून महाप्याच्या लोकांना पदाबद्दल नंतर विचारा, आधी सहीबद्दल विचारा. मोठ्या कंपनीत कोणाला किती रकमेपर्यंत मंजुरी देता येते हे लिहून ठेवलेलं असतं, त्याला डीओए म्हणतात. सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या संगणक प्रणालीत, पीओ तुम्ही बनवणार हे उघड आहे, रिलीज म्हणजे शेवटची मंजुरी कोणाकडे? तो वरच्या साहेबांकडे असला तर बिघडत नाही, मोठ्या कंपनीत तसाच शिरस्ता असतो. पण सप्लायर निवडणं आणि दराचं बोलणं तुमच्याकडे आहे का, हे स्पष्ट करून घ्या. सगळी रेट कॉन्ट्रॅक्टं (ठरलेल्या दरांचे करार) दुसऱ्या शहरातल्या हेड ऑफिसने केलेली असतील आणि महाप्यात बसून तुम्ही फक्त त्यांवर पीओ सोडायच्या असतील, तर ते माझ्या कपट्याचंच काम झालं, कंपनी कितीही मोठी असो.

मग विचारा, काय विकत घ्यायचं आहे आणि वर्षाला किती कोटींचं? स्विचगिअर, एन्क्लोजर, बसबार यांत तुमची सहा वर्षं गेली आहेत. तिथे हाउसकीपिंग आणि कँटीनची कंत्राटं बघायची असतील तर ते कमी दर्जाचं काम नाही, पण तुमची ओळख बदलेल. ती तुम्हाला चालणार आहे का?

पेमेंटचंही विचारा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मालाच्या स्वीकृतीपासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, असं २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. अकाउंट्सने ते अडकवले तरी सप्लायरचा फोन तुम्हालाच येणार. बायरचा शब्द तिथे चालतो की नाही, हे जाणून मगच हो म्हणा.

नावापेक्षा ग्रेड जपा. ऑफर लेटरमध्ये ती लिहून घ्या, कारण पगारवाढ, मेडिक्लेम, पुढची बढती ग्रेडवर चालते. ‘सीनियर बायर’ मिळेल का, असं विचारायला हरकत नाही. सहा वर्षांच्या अनुभवावर ते मागणं वाजवी आहे. आणि मोठ्या कंपन्यांत ‘कॅटेगरी मॅनेजर’च्या हाताखालीही कित्येकदा एकही माणूस नसतो, तो विशिष्ट प्रकारच्या मालाची खरेदी सांभाळतो. त्यामुळे मॅनेजर शब्द गेला म्हणून हळहळू नका. मात्र सीव्हीत पद आहे तेच लिहा, पडताळणीत ते तपासलं जातं. खाली एक ओळ टाका : कोणता माल, वर्षाला किती रकमेचा.

वडिलांचं दुखणं मला समजतं. मुलाच्या नावापुढे मॅनेजर लागावं म्हणून त्यांनीही काही सोसलेलं असेल. त्यांना शेजारी बसवून सांगा की इथे मी महिन्याला इतक्याचा माल घेतो, तिथे इतक्याचा घेईन. आकडा त्यांना लगेच कळेल. बायोडेटात ‘खरेदी विभाग’ लिहून कंपनीचं नाव द्या, तेवढं पुरे.

आणि सहीचं उत्तर गुळमुळीत आलं तर वागळे इस्टेट सोडू नका. उलट तिथल्या मालकांकडे जाऊन पंचवीस हजारांपर्यंतच्या पीओवर स्वतःची सही मागा.