जाऊबाईंचे पैसे आधी?

'ताई, छपाईचा धंदा बंद करून वर्ष झालं. चार क्रेडिट कार्डं, दोन वैयक्तिक कर्जं आणि जाऊबाईंकडून घेतलेले हातउसने पैसे डोक्यावर आहेत. नोकरी धरली, पण पगार व्याजातच जातो. एका कर्जाला दादा जामीन आहे. नवऱ्याला निम्मंच माहीत आहे. माझ्या नावावरचं घर त्यांच्या नावावर करावं, जाऊबाईंचे पैसे गुपचूप परत करावेत आणि मग दिवाळखोरी जाहीर करावी, असं मनात घोळतंय. आमच्या आजोबांच्या तोंडी "दिवाळं काढलं" ही शिवी होती. मी चुकतेय का?'

दिवाळखोरीचा विचार करण्यात तुम्ही चुकत नाही. पण त्याआधी जे दोन उद्योग योजलेत, ते केलेत तर ही वाट तुमच्यापुरती बंद होऊ शकते.

तुम्ही कोणत्या देशातून लिहिता ते पत्रात नाही आणि हा कायदा देशागणिक बदलतो. पण एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. अर्ज केलात की तुमच्याकडे जे आहे त्यावर सगळ्या धनकोंचा, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्या सर्वांचा, आपापल्या हिश्शाप्रमाणे हक्क लागतो. म्हणून मागच्या काही काळात काय कोणाच्या नावावर केलंत आणि कोणाचं देणं आधी भागवलंत, हे तपासलं जातं. अमेरिकेत नातेवाइकाला अर्जाच्या आधीच्या वर्षभरात फेडलेलं कर्ज त्याच्याकडून परत मागता येतं. इंग्लंडमध्ये ही मुदत दोन वर्षांची आहे. भारताच्या १९२० च्या नादारी, म्हणजे दिवाळखोरीच्या, कायद्यात एका धनकोला झुकतं माप देऊन फेडलेलं देणं तीन महिन्यांपर्यंत आणि मोबदला न घेता केलेलं हस्तांतर दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन रद्द होऊ शकतं. म्हणजे जाऊबाईंना तुम्ही पैसे द्याल आणि वर्षभरानं एखादा अधिकारी त्यांच्याकडे ते मागायला येईल. ज्या लाजेपोटी हे करायला निघालात, तिच्या दसपट लाज तेव्हा वाटेल. घराचंही तसंच. शिवाय हेतुपुरस्सर लपवालपवी दिसली तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते.

आता 'दिवाळं' या शब्दाविषयी. जुन्या शाळांमध्ये फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणत. नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. कायद्याच्या मराठीतही शब्द तोच आहे, नादारी. 'दिवाळं' हा बाजारातला शब्द, त्यात टिंगल आहे. 'नादारी'त नुसती वस्तुस्थिती आहे. मला हा दुसरा शब्द जास्त खरा वाटतो. आजोबांची माफी मागून तुम्हीही तोच वापरा.

ही प्रक्रिया करते काय? अर्ज झाला, किंवा काही ठिकाणी न्यायालयाचा आदेश झाला, की बहुतेक धनकोंना वसुलीसाठी तुमच्या मागे लागता येत नाही. अमेरिकेत तर अर्ज दाखल झाल्या क्षणापासून फोनसुद्धा थांबवावे लागतात. मग त्यासाठी नेमलेला माणूस तुमची मालमत्ता ताब्यात घेतो, विकतो आणि पैसे वाटतो. सगळंच जात नाही. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं, भविष्य निर्वाह निधी यांना हात लावता येत नाही. इतर देशांतही अशा याद्या आहेत. वाटप होऊन जे देणं उरतं त्यातून शेवटी सुटका मिळते. इंग्लंडमध्ये साधारण बारा महिन्यांनी ती आपोआप होते. अमेरिकेत एक मार्ग काही महिन्यांत संपतो, दुसऱ्यात तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात. भारतात ती अर्ज करून मागावी लागते. इथे मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा कायदा आहे, बाकी बहुतेक ठिकाणी १९२० चा. दिवाळखोरीची २०१६ ची नवी संहिता गाजली खरी, पण तिच्यातला व्यक्तींचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. तेव्हा 'नव्या कायद्यात महिन्याभरात मोकळं करून देतो' असं सांगत आगाऊ फी मागणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

किंमत मोजावी लागतेच. अमेरिकेत काही महिन्यांत संपणाऱ्या मार्गाची नोंद पतअहवालात दहा वर्षं राहते. सुटका न झालेल्या नादाराला भारतात खासदार होता येत नाही. तुमच्या पत्रावरून तसा काही बेत दिसला नाही.

आणि यानं काय सुटत नाही, तेही ऐका. गहाण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क राहतो. पोटगी, दंड, फसवून घेतलेलं कर्ज हेही सहसा राहतं. आणि राहतो तुमचा दादा. तुमची सुटका झाली तरी जामिनाची होत नाही. ज्या दिवशी तुम्ही अर्ज कराल त्यानंतर बँक दादाच्या दारात उभी राहील. हे त्याला बँकेच्या पत्रातून कळता कामा नये.

हा मार्ग तुमच्यासाठी आहे का, हे ठरवायला एक कागद पुरेल. गरजेचा खर्च वजा करून पगारातून जे उरतं ते पाच वर्षं सगळंच्या सगळं कर्जात घातलं, तर मुद्दल संपतं का? संपत असेल, निदान जवळ येत असेल, तर आधी प्रत्येक बँकेला लेखी कळवून हप्ते लांबवून मागा, तडजोडीची रक्कम विचारा. तडजोड झाली तर तेवढ्या रकमेत कर्ज पूर्ण फिटेल असं बँकेचं पत्र हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच वर्षांनीही मुद्दल तसंच असेल, तर नादारीच्या वकिलाला भेटा. तोवर नवं कर्ज मात्र अजिबात नको, जुनं फेडण्यासाठीसुद्धा नको. परत फेडता येणार नाही हे माहीत असताना काढलेलं शेवटचं कर्जच नंतर फसवणूक म्हणून पुढे येतं.

आणि तुरुंगाची भीती असेल (पत्रात नाही, पण असते), तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय की निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला कैदेत टाकता येत नाही. न वटलेले चेक ही वेगळी गोष्ट आहे. तसे दिले असतील तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

नवऱ्याला उरलेलं निम्मं या आठवड्यात सांगा, त्या कागदासकट. दादाला त्यानंतर, फोनवर नको, समोर बसून. जाऊबाईंना सांगताना सर्वांत जड जाईल हे मला कळतं. तरी त्यांचं नाव आणि रक्कम धनकोंच्या यादीत लिहा. बाकीच्यांना मिळेल त्या प्रमाणात त्यांनाही मिळेल. पुढे सुटका झाल्यावर, तुमच्या नव्या कमाईतून, कोणाच्याही सक्तीशिवाय त्यांचे उरलेले पैसे द्यावेसे वाटले तर तुम्हाला अडवणारं कोणी नसेल. अमेरिकेच्या कायद्यात तर तसं स्पष्ट लिहिलेलंच आहे.