पोटातल्या बाळाची इम्युनिटी आणि प्रदूषण: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी गरोदरपणातलं प्रदूषण आणि बाळाची प्रतिकारशक्ती यावर लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आलेत. काही एकसारखे होते ते एकत्र केलेत आणि ज्यांच्या प्रश्नात काळजी जास्त दिसली त्यांना जरा सविस्तर लिहिलंय.

प्रश्न: डॉक्टर, आई आणि बाळाच्या मध्ये वार (प्लॅसेंटा) असते ना? मग आईच्या रक्तातली घाण ती गाळून नाही का घेत? आमच्याकडे सगळे असंच सांगतात.

बरीच वर्षं डॉक्टरही हेच मानायचे. पण जपानमधल्या मिनामाटाला १९५० च्या दशकात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांतून लोकांच्या पोटात गेला, आणि तिथे असं दिसलं की काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता पण त्यांची बाळं मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. मिथाइल मर्क्युरी, म्हणजे त्या पाऱ्याचंच एक रूप, वारेत अडकत नाही, उलट अमिनो ॲसिडच्या वाटेनं आत ओढलं जातं, म्हणून नाळेतल्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षाही जास्त सापडतं. ते उदाहरण मेंदूचं झालं, पण वारेवरचा भरवसा तिथेच डळमळला. पुढे २०१९ मध्ये बेल्जियमच्या हासेल्ट युनिव्हर्सिटीच्या टीमनं वारेच्या बाळाकडच्या बाजूलाच काजळीचे कण दाखवले, आणि २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांबरोबर हेच कण गर्भाच्या यकृतात, फुफ्फुसात आणि मेंदूतही सापडले. यकृत लक्षात ठेवा, खालच्या उत्तरात येणारे.

अजून एक, प्रत्येक वेळी कण आत जायलाच हवा असंही नाही. आईच्या फुफ्फुसात सूज आली की तिच्या रक्तातले सूजेचे सिग्नल वाढतात, वारेचं काम बिघडतं, आणि बाळाला तेवढंही पुरतं.

प्रश्न: मग कितव्या महिन्यात जास्त जपायचं? तीन महिने झाले की धोका संपला ना?

नाही संपत. पहिले तीन महिने महत्त्वाचे हे हात-पाय-हृदय घडण्याच्या बाबतीत खरंय, पण इम्युनिटीचं टाइमटेबल वेगळं आहे आणि खूप लांब चालतं. रक्ताच्या पहिल्या पेशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाळाच्या बाहेरच्या पिशवीत तयार होतात, मग ते काम यकृताकडे जातं (गर्भात यकृत हाच रक्त बनवायचा मोठा कारखाना असतो, म्हणून तिथे काजळी सापडणं मला फार गंभीर वाटतं), आणि मग हळूहळू बोन मॅरोकडे. छातीतली थायमस ग्रंथी दुसऱ्या महिन्यात आकार घ्यायला लागते, तिथे टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होतात आणि ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतील त्या तिथेच बाद केल्या जातात. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या तयार अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ बऱ्याच अंशी त्यांच्यावरच काढतं.

म्हणजे नऊच्या नऊ महिन्यांत काही ना काही चालूच असतं. आणि मोठ्या माणसाच्या शरीरात बिघाड झाला तर तो बऱ्याचदा भरून येतो, पण घडण होत असतानाच धक्का बसला तर तो पुढे बरीच वर्षं राहू शकतो. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो धक्का लगेच दिसत नाही. उंदरांवरचे प्रयोग बघा, गर्भात असताना डायऑक्सिन (कचरा वगैरे जळताना तयार होणारं विषारी रसायन) मिळालेली पिल्लं मोठी होऊन ठणठणीत दिसतात, पण त्यांना फ्लूचा व्हायरस दिला की त्यांच्या टी पेशींचा प्रतिसाद कमी पडतो. संसर्ग होईपर्यंत कळतच नाही की काही कमी आहे.

प्रश्न: पीएफएएसमुळे लस लागू पडत नाही असं वाचलं आणि झोप उडाली. मग लस देऊन उपयोग काय?

लस द्यायचीच, वेळेवर आणि सगळे डोस. हे आधी लिहून टाकतो, कारण हा प्रश्न चुकीच्या दिशेनं गेला तर प्रदूषणापेक्षा मोठं नुकसान होईल.

आता तुम्ही वाचलं ते कुठून आलं ते सांगतो. पीएफएएस म्हणजे न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारं कापड, आग विझवायचा फेस यांत वापरलेली फ्लोरिनवाली रसायनं, हजारो प्रकार आहेत. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक समुद्री आहार भरपूर घेतात, व्हेलचं मांसही खातात, त्यामुळे ही रसायनं त्यांच्या शरीरात जातात. तिथे फिलिप ग्रांजाँ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ ते २००० मध्ये जन्मलेल्या ५८७ मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. गरोदरपणी आईच्या रक्तात पीएफओएस (पीएफएएसमधलंच एक रसायन) दुप्पट असेल तर पाचव्या वर्षी मुलाच्या घटसर्पाविरुद्धच्या अँटीबॉडी साधारण ३९ टक्के कमी दिसल्या. पाचव्या वर्षी मुलाच्या स्वतःच्या रक्तातली ही रसायनं दुप्पट असतील तर सातव्या वर्षी घटसर्प-धनुर्वाताच्या अँटीबॉडी जवळपास निम्म्या.

ऐकायला भीतीदायक आहे, मान्य. पण अँटीबॉडी कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि हे गटाचे आकडे आहेत, एखाद्या मुलाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. ज्याच्या अँटीबॉडी थोड्या कमी बनतात त्याला बूस्टरची गरज उलट जास्तच, त्यामुळे डोस चुकवणं हा या माहितीतून काढायचा सगळ्यात वाईट निष्कर्ष आहे.

सरकारी पातळीवर मात्र हे आकडे हलक्यात घेतलेले नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२० मध्ये चार पीएफएएस मिळून आठवड्याला वजनाच्या किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली, ती लसीचा प्रतिसाद कमी होतो याच आधारावर, आणि आईच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं दुधातून बाळाकडे जाणार हेही त्यात धरलंय. मला हे फार योग्य वाटतं.

प्रश्न: सातवा महिना चालू आहे, घर मोठ्या रस्त्याला लागून. घर बदलणं शक्य नाही. बाळाला दमा होईल का?

होईलच असं कोणीही सांगू शकत नाही. गरोदरपणी बारीक धूळ आणि धुराशी जास्त संपर्क असेल तर मुलांमध्ये दमा आणि श्वासात घरघर जास्त दिसते हे अनेक देशांच्या अभ्यासात आलंय, पण प्रत्येक मुलामागे वाढ छोटीच असते. लाखो बायका तीच हवा घेतात म्हणून एकूण आकडा मोठा होतो. आत काय होतं याचा एक धागा असा, की आपल्याकडे इम्युनिटीला ब्रेक लावणाऱ्या टी पेशी असतात, रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात त्यांना, आणि प्रदूषित हवेतल्या दमेकरी मुलांमध्ये या पेशींच्या मुख्य जीनवर रासायनिक खुणा बसून त्याचं काम मंदावलेलं सापडलंय. ब्रेक सैल झाला की शरीर परागकण, धूळ असल्या साध्या गोष्टींवरही चवताळतं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती आजच बंद, बाल्कनीत जाऊन ओढणं वगैरे चालणार नाही, कारण तंबाखूच्या धुराचा पुरावा बाकी सगळ्यापेक्षा पक्का आहे. ट्रॅफिकच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद, दुसऱ्या बाजूची उघडी. झोपायच्या खोलीत हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडकवणारा) परवडत असेल तर लावा. बाहेर जायचं तर एन-९५, चेहऱ्याला नीट बसणारा, आणि श्वास कोंडल्यासारखं झालं तर काढायचा. आणि ताई, घर बदलता येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, हवा स्वच्छ ठेवणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते करायला हवं.

प्रश्न: आम्ही बोअरचं पाणी उकळून पितो. आर्सेनिक जातं ना त्यानं?

जात नाही. उकळून जंतू मरतात, आर्सेनिक तसंच राहतं, वर पाणी आटल्यामुळे थोडं घट्टच होतं. पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, लिटरला १० मायक्रोग्रॅम ही डब्ल्यूएचओची मर्यादा आहे. जास्त निघालं तर स्रोत बदला किंवा आरओसारखी यंत्रणा बसवा, आणि बसवल्यावर परत तपासा.

हे एवढं ठासून का सांगतोय, तर चिलीमधल्या अँटोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात असं पाणी मिळालं ज्यात आर्सेनिक लिटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. त्या वर्षांत जन्मलेली मुलं तिशी-चाळिशीत पोचली तेव्हा त्यांच्यात ब्रॉन्किएक्टेसिस या फुफ्फुसाच्या आजारानं मृत्यूचं प्रमाण बाकी चिलीच्या सुमारे ४६ पट होतं. मृत्यूंची संख्या लहान होती, तरी फरक प्रचंड आहे. बांगलादेशमधल्या मतलब नावाच्या भागातही गरोदरपणी आर्सेनिक जास्त गेलेल्या आयांच्या बाळांची थायमस लहान आणि छातीचे संसर्ग जास्त आढळलेत.

यात चांगली बातमी अशी की आर्सेनिक काही दिवसांत लघवीतून निघून जातं, म्हणजे पाणी बदललं की फायदा त्याच गरोदरपणात मिळतो. पीएफओएसचं तसं नाही, ते निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात, त्यामुळे तिथे मुळात पाण्यात आणि अन्नात न येऊ देणं हाच खरा उपाय.

प्रश्न: दुधातूनही जातं म्हणता, मग अंगावर पाजू की नको?

पाजा. दुधातून पीएफएएस, पीसीबी (जुन्या विजेच्या यंत्रांत वापरलेली रसायनं) जातात हे खरं, पण त्याच दुधातून अँटीबॉडी आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही जातात, आणि सर्वसाधारण संपर्कात फायद्याचं पारडंच जड आहे. तुमच्या भागात पाणी दूषित असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांशी वेगळं बोला, एरवी पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, सारखी सर्दी-खोकला. माझ्या गरोदरपणी घरात रंगकाम चालू होतं, त्यामुळेच का? कुठली टेस्ट करू?

या वयात वर्षाला सहा-आठ सर्दी नॉर्मल आहेत, पाळणाघरात जात असेल तर जास्तही. त्या रंगकामाशी याचा संबंध जोडणारी कोणतीच टेस्ट नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे घालवू नका. पण परत परत न्यूमोनिया, कान सारखा वाहणं, वजन न वाढणं, किंवा अँटिबायोटिक देऊनही बरं न होणारा संसर्ग असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि इम्युनोग्लोब्युलिनची (म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींची) तपासणी लागते का ते विचारा. रंग जुना असेल, पोपडे निघत असतील तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा मुलाच्या रक्तातलं शिसं एकदा बघून घ्यायला हरकत नाही, ती तपासणी सोपी आहे आणि काही निघालं तर लगेच करण्यासारखंही बरंच असतं.