"पोऱ्यावर प्रयोग करतस का?"

प्रश्न: ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातून लिहितेय. माझा मुलगा 23 वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. दिवसातून 7-8 वेळा जावं लागतं, रक्त पडतं, स्टेरॉइड कमी केलं की परत तेच. आता पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलंय की नवीन गोळीच्या ट्रायलमध्ये येता का. सासूबाई म्हणतात, "पोऱ्यावर प्रयोग करतस का?" मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नाहीये, तो तसाच्या तसा डॉक्टरांसमोर ठेवा. ट्रायल म्हणजे प्रयोगच, त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही. पण हा प्रयोग विचारल्याशिवाय करता येत नाही आणि त्याचा हिशोब कागदावर द्यावा लागतो.

या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते, तिथे सूज येते, जखमा होतात. मेसालामाइन आहे, अॅझाथायोप्रिन आहे, आता टोफासिटिनिब आहे, पण एकही औषध सगळ्यांना लागू पडत नाही, आणि स्टेरॉइड वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, म्हणून तर नवीन गोळ्यांचा शोध चालू आहे.

आता मुद्द्याचं. मुलगा 23 चा आहे, म्हणजे सही त्याची लागेल, तुमची नाही. तुमच्या पत्रात त्याचं म्हणणं कुठेच नाही, आधी त्याला विचारा. संमतीचा फॉर्म मराठीत मागा आणि घरी आणा, तिथल्या तिथे सही करायची घाई करू नका. मला यावलचे एक केळीवाले काका आठवतात, त्यांनी तो फॉर्म चार दिवस घरी ठेवला, आणि परत आले तेव्हा 'प्लासिबो' या शब्दाखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या, म्हणाले, "मॅडम, म्हणजे मला नुसती बिनऔषधाची गोळी पण मिळू शकते ना?" बरोबर होतं त्यांचं. कुणाला खरी गोळी, कुणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि बऱ्याचदा पेशंटलाही माहीत नसतं, डॉक्टरलाही नाही. त्यामुळे तुम्ही हे विचाराच: चालू गोळ्या सुरू राहणार का, बिनऔषधाच्या गटात गेला आणि त्रास वाढला तर त्याला बाहेर काढून कोणतं औषध देणार, ट्रायल संपल्यावर नवीन गोळी मिळणार का. आणि हो, चोपड्याहून पुणं म्हणजे रात्रभराचा बसचा प्रवास, या आजारात तो किती जीवघेणा होतो हे मुलगाच सांगेल, तर येण्याजाण्याचा खर्च कोण देणार आणि कितीदा यावं लागणार हेही विचारा, लाजू नका.

टीबीची तपासणी झाली का बघा. यातली बरीच नवीन औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि आपल्याकडे अंगात लपलेला टीबी किती जणांत असतो ते तुम्हाला माहीतच आहे, तो उठू शकतो. छातीचा एक्सरे आणि टीबीची रक्त तपासणी आधीच झालेली बरी.

2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, कारण सांगायची गरज नाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. 2009 पासून आपल्या देशात ट्रायलची नोंद सरकारी रजिस्ट्रीत करावीच लागते, तिचं नाव सीटीआरआय. तो नंबर मागा, मुलगा मोबाईलवर स्वतः बघेल. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर मी असते तर तिथूनच उठले असते.

प्रश्न: मॅडम, मला हाच आजार आहे, आत्ता मेसालामाइन चालू आहे. सगळे म्हणतात हळद घे, गोळ्या बंद कर. धुळ्याहून, एक वाचक.

उत्तर: दादा, गोळ्या बंद करू नका, रक्त थांबलं तरी नाही. हळदीवर खरंच काम झालंय, म्हणून आकडे सांगते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका ट्रायलमध्ये 50 पेशंट होते, मेसालामाइन सगळ्यांचं चालूच ठेवलं, आणि काहींना रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं. महिन्याभरात कर्क्युमिनवाल्या 26 पैकी 14 जणांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. पण दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के असतं, म्हणजे 3 ग्रॅमसाठी रोज 100 ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल, शेवभाजीत घालून हे होणार नाही! कॅप्सूल घ्यायच्या तर डॉक्टरांना सांगूनच, मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलने काही जणांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे. आणि त्या 14 जणांनी मेसालामाइन सोडलं नव्हतं, हे सगळ्यांना सांगा.

प्रश्न: दुसऱ्याची संडास आतड्यात सोडून बरं करतात हे खरं का? घरी हसतात. अमळनेर.

उत्तर: खरं आहे, हसण्यासारखं काही नाही त्यात. निरोगी माणसाच्या मलातले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडतात. एम्सच्या डॉक्टरांनी 66 पेशंट घेतले, त्यातल्या 35 जणांवर हे केलं, बाकीच्यांना नेहमीची औषधं दिली; दाते खेड्यातले निरोगी लोक घेतले, दर आठवड्याला कोलोनोस्कोपीने (मागच्या बाजूने आतड्यात नळी घालून), असं 7 वेळा, सोबत ठरवून दिलेला आहार. 8 आठवड्यांनी या 35 जणांच्या गटात 60 टक्के लोकांचा आजार शांत झाला, नेहमीच्या औषधांच्या गटात 32 टक्के. हे 2022 मध्ये छापून आलंय. मात्र हे सौम्य-मध्यम आजारासाठी होतं. दात्याची हिपॅटायटिस, एचआयव्ही, जंतुसंसर्ग सगळी तपासणी लागते, म्हणून व्हिडिओ बघून घरी कुणी करू नये, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा की तुमचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे.