बिल्टीवरची तारीख आधी बघा

सातगाव पठारावरच्या एका शेतकऱ्याने विचारले आहे: ४ ऑक्टोबरला दोनशे गोण्या बटाटा ट्रान्सपोर्टने हैदराबादला पाठवला, गाडी वाटेत चार दिवस अडकली, ऐंशी गोण्या सडल्या. ट्रान्सपोर्टवाला फोनवर नुसता ‘बघतो’ म्हणतो. दाव्याची मुदत तीन वर्षे असते, तर पावसाळ्यानंतर केस केली तर चालेल का?

नाही. नारायणगावचे टोमॅटोवालेही हीच चूक करून येतात. तीन वर्षे दाव्याला आहेत, पण त्याआधी कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ चे कलम १६ आडवे येते. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला मिळालेली नसेल, तर दावाच लावता येत नाही. मोजणी माल उतरला त्या दिवसापासून होत नाही, बिल्टीच्या, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीच्या, तारखेपासून होते. आज २३ मार्च. तुमचा १८० वा दिवस २ एप्रिल. साडेपाच महिने तुम्ही फोन करण्यात घालवलेत, याचा मला खरोखर राग येतो. फोनवरच्या आश्वासनांना नोटीस म्हणत नाहीत.

उद्याच नोटीस काढा: बिल्टी क्रमांक, तारीख, किती गोण्या सडल्या, किती रुपये मागता. पोहोच मिळेल अशी स्पीड पोस्टाने पाठवा, आणि एक प्रत त्यांच्या कचेरीत हातोहात देऊन शिक्का-सही घ्या. टपालात टाकली एवढ्यावर भागत नाही, मुदतीत त्यांच्या हाती पडली पाहिजे.

बिल्टीत मालाच्या किमतीचा रकाना तुम्ही कोराच सोडलात. अशा वेळी भरपाई साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. भाडे २४,००० होते, म्हणजे २,४०,०००. तुमची मागणी त्याच्या आत आहे.

गोण्यांबद्दल मात्र छातीठोक सांगता येणार नाही. हलगर्जी सिद्ध करण्याचा भार कायद्याने तुमच्यावर नाही, पण पावसात काढलेला ओला बटाटा, साल घट्ट होऊ न देता, हवा न खेळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोण्यांत भरला, असे ट्रान्सपोर्टवाले म्हणतील. गोणपाट किंवा जाळीच्या गोण्या असत्या तर हे तोंड बंद झाले असते. हैदराबादच्या आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आणि गाडी उतरवतानाचे फोटो जपून ठेवा. शिवाजीनगर कोर्टात तारखा कशा पडतात ते मी रोज बघतो. निकालाचा काळ मी सांगू शकत नाही. २ एप्रिल मात्र ठरलेला आहे.