सावळ्या मुलीला तिकडे नाटकात काम मिळेल का?

ताई, व्हिसा, बँक, घरभाडं हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, तिथेच वाचा. तुमची लेक नाशिकला बालनाट्यात कामं करते, रंगाने सावळी आहे, इंग्लंडमध्ये तिला भूमिका मिळतील का, असं विचारलंत. ते कालपासून डोक्यातून जात नाहीये.

मोठ्या रंगमंचावर मिळतात. २०१६ मध्ये लंडनला हॅरी पॉटरच्या नाटकात नोमा डुमेझ्वेनी ही कृष्णवर्णीय नटी हर्मायनी झाली. आरडाओरडा झाला, नाटक चालू राहिलं. २०१९ मध्ये देव पटेल चक्क डिकन्सच्या कादंबरीतला गोरा नायक डेव्हिड कॉपरफिल्ड झाला, आणि सिनेमाभर त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 'ब्रिजर्टन' मालिकेचं उलट: दुसऱ्या सीझनला नायिकेचं घरच भारतीय केलं. (आडनाव उत्तरेतलं शर्मा, वडील तमिळ 'अप्पा', धाकटी बहीण बंगाली 'बोन'! असो.) मला देव पटेलची तऱ्हा जास्त पटते.

इथे इंग्लंडच्या शाळेत मात्र तिसरंच. डिसेंबरात येशूजन्माचं नाटक असतं. माझ्या लेकीला दर वर्षी पूर्वेकडून आलेला राजा. मेरीचे, म्हणजे येशूच्या आईचे, संवाद तिला तोंडपाठ, पण पश्चिम आशियातली ही मेरी कायम सोनेरी केसांची. विचारलं तर बाई गोड हसून म्हणाल्या, "तो पोशाख तिला किती शोभतो!"

गोऱ्यांना तरी काय बोलू? मी पंचवटीतली. गॅदरिंगला सीता गोरी हवी, म्हणून मी शूर्पणखा. नाकाला लावलेलं कुंकवाचं पाणी फ्रॉकवरून कधी निघालं नाही. आणि आपल्याच त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही एकट्या अण्णा साळुंक्यांना दिले होते! माझ्या गॅदरिंगनंतर आई म्हणाली होती, "राक्षसीलाच टाळ्या जास्त." राजाच्या वेळी मी लेकीला तेच ऐकवलं. ती काही बोलली नाही.

कागदांचं एक सांगते. शाळेबाहेरच्या नाटकात सहा महिन्यांत चारपेक्षा जास्त दिवस काम असेल, तर सहसा कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. अर्ज २१ दिवस आधी, सोबत वयाचा पुरावा. आमच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा! आपल्याकडे बारशाआधीच नोंद होते, हे तिथल्या बाईंना समजावेपर्यंत तालमी सुरू होऊन भूमिका दुसरीला गेली. निघण्याआधी दाखल्यावर नाव चढवून घ्या, बाकी काही राहिलं तरी चालेल.

एकटेपणा वाटतो. नोव्हेंबरात जास्त. सवय होते.

लेक आता पंधराची आहे. नाटकात असते, पण प्रकाशयोजनेला, मागच्या केबिनमध्ये. आवडतं म्हणून, की तिथे चेहरा दिसत नाही म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. तुमची लहान आहे. शाळा ठरवण्याआधी त्यांच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या नाटकांचे फोटो बघा, बऱ्याच शाळा वेबसाइटवर टाकतात. राजा कोण होता ते सोडा, मेरी कोण होती ते बघा.