गावच्या दूध संस्थेत फॅटचं मशीन आणि मोबाइल ॲप आणायचंय, पण जुने सभासद विश्वास ठेवत नाहीत. काय करावं?

मशीन आणा, पण पहिला महिनाभर जुनी पद्धत बंद करू नका. मी आमच्या दूध संस्थेचा अकरा वर्षं सेक्रेटरी होतो, हे सगळं अंगावर घेतलंय.

आधी आम्ही गर्बरवर, म्हणजे ॲसिडच्या जुन्या पद्धतीनं, फॅट काढायचो. नळीत 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वेळ जायचा, हात भाजायचे, पण नळीच्या दांडीत पिवळी फॅट डोळ्यांना दिसायची. मशीनवर नुसता आकडा. पहिल्याच सकाळी एका काकूंच्या म्हशीची फॅट सातवरून सव्वासहावर आली. "म्हस रात्रीत बदलली का रं?" काकूंचं बरोबर होतं. आदल्या गाईच्या दुधानंतर मशीन म्हशीच्या सेटिंगवर घ्यायचं पोरगं विसरलं होतं. चूक आमची, बदनामी मशीनची!

त्या दिवसापासून रोज पाच सभासदांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांचं सॅम्पल सगळ्यांदेखत गर्बरवरही लावायचं, असं ठरवलं. तीन आठवड्यांत विश्वास बसला, बघायला कोणी थांबेना.

काट्याचंही आधीच समजावून सांगा. काटा किलो दाखवतो, बिल लिटरवर निघतं. दूध पाण्यापेक्षा जड, लिटरला साधारण 1.03 किलो. म्हणजे काट्यावर 10 किलो 300 ग्रॅम आणि चिठ्ठीवर 10 लिटर. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणारच, 300 ग्रॅम कापले.

खरा विरोध मात्र सभासदांचा नसतो. आमच्याकडे तो आतूनच झाला. वहीत हातानं फॅट लिहिताना भावकीतल्या माणसाला दोन पॉइंट चढवता येतात. मशीन थेट कॉम्प्युटरला जोडलं की ते बंद. म्हणून जोडणी पहिल्या दिवशीच करा. आकडा मध्ये कोणी हातानं भरणार असेल, तर मशीनचे पैसे पाण्यात.

ॲपची घाई नको. वारणानगर परिसरात 1998 साली 70 गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प झाला. गाजावाजा मोठा होता, पण वापर मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता राहिला आणि पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर भागलं. तुमच्या सभासदालाही लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढंच हवंय. साधा मेसेज पुरतो. छापील चिठ्ठी मात्र चालू ठेवा. आमच्या काकू दहा दिवसांच्या चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि पगारादिवशी, म्हणजे दुधाचं बिल मिळतं त्या दिवशी, सगळ्या घेऊन येतात.