चाळिशीनंतर चिनी शिकतोय, चिन्हं शंभरदा गिरवूनही विसरतो. काय करू?

गिरवणं आधी कमी करा. शंभराव्या वेळी हात चालतो, डोकं केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं.

चिन्ह फोडून बघा. बहुतांश चिन्हांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. 'छिंग' उच्चाराचा एक भाग आहे. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन ठिपके आले की स्वच्छ, सूर्य आला की निरभ्र, हृदय आलं की भावना, बोलणं आलं की विनंती. चारही 'छिंग'च, फक्त सूर कधी तोच, कधी वेगळा. असा गोतावळा एकत्र शिकलात की चार चिन्हं जवळपास एकाच्या कष्टात येतात. उच्चार दर वेळी इतका तंतोतंत जुळत नाही, हेही खरं.

पण म्हणून २१४ मूलखंडांची, म्हणजे चिन्हं ज्या मूळ भागांनुसार लावली जातात त्यांची, यादी पाठ करत बसू नका. नेहमी भेटणारे पन्नासेक पुरे, बाकीचे वाटेत कळतात.

उजळणीला अँकीसारखं, ठरावीक अंतराने कार्डं पुन्हा दाखवणारं अ‍ॅप घ्या, पण कार्डावर सुटं चिन्ह नको, अख्खा शब्द किंवा छोटं वाक्य ठेवा. रोज नवीन पाच-सात बस्स. टायपिंग पिनयिनने, म्हणजे उच्चार रोमन अक्षरांत लिहून होतं, त्यामुळे परीक्षा हाताने लिहायची नसेल तर ओळखता येण्यावरच भर द्या. रेघांचा क्रम मात्र सुरुवातीलाच शिका.